वळणावरचा बैल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या माणसांपैकी आज कुणी उरलेलं नाही. त्यांच्या सवयी मात्र उरल्या आहेत, म्हणून ती सांगायची.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावामागे काळ्या दगडाची मोठी खाण होती. दगड हवा तेवढा आणि तो घडवणारे हात घरोघरी. त्यामुळे त्या गावात कुणाला काही द्यायचं झालं, की मूर्तीच दिली जाई. बारसं असो, लग्न असो, वास्तुशांत असो, पाहुणा दारात उभा राहायचा तो काखेत हंस नाहीतर हरीण घेऊन.

देण्याला कुणाची हरकत नसते. पंचाईत व्हायची ती पुढे. गावाची रीत अशी होती, की दिलेली वस्तू घरात मानाने मांडलेली दिसली पाहिजे. प्रत्येक घरात दारासमोरच्या भिंतीत एक मोठा कोनाडा असे. त्याला दर्शनी कोनाडा म्हणत. देणारा घरी आला, की त्याची मूर्ती त्या कोनाड्यात, निदान नजरेच्या टप्प्यात हवी. ती दिसली नाही तर तो भांडत नसे, रागावतही नसे. त्या घरचं पाणी घेत नसे, एवढंच. उंबऱ्यावरूनच रामराम करून परत जाई. ‘त्याचं पाणी तुटलं,’ असं लोक म्हणत. आणि एकदा तुटलेलं पाणी जुळायला कधीकधी पिढी जाई.

माणसं हुशार असतात. रीत मोडायची नाही आणि तिचा जाचही सोसायचा नाही, अशी वाट ती काढतातच. पाहुणा वेशीत दिसला, की घराघरांत धावपळ होई. हंस आत, हरीण बाहेर. तो गेला आणि दुसरा आला, की हरीण आत, हंस बाहेर. पाहुण्यांनाही हे ठाऊक होतं, कारण त्यांच्या घरी हेच चालायचं. पण ठाऊक असलेली गोष्ट बोलायची नाही, हीसुद्धा रीतच.

या गावात एक वैद्य राहत असे. त्याच्या हाताला यश होतं. ज्याला गुण येई, तो बरा झाल्यावर मूर्ती घेऊन हजर. वैद्य चांगला, म्हणून घर भरलेलं. जरा कमी चांगला असता, तर त्याच्या माजघरात चार माणसांना ऐसपैस बसता आलं असतं.

वैद्याच्या बायकोची स्मरणशक्ती दांडगी होती. कुणी काय दिलं, कधी दिलं, कुणाच्या घुबडाचा कान वाहून आणतानाच मोडलेला होता, सगळं तिला तोंडपाठ. माणूस पारापाशी दिसला, की तो दारात येईपर्यंत त्याची मूर्ती कोनाड्यात जाऊन बसे, आणि ती पदर सावरून ‘या, बसा’ म्हणायला मोकळी होई. वैद्याच्या घरी कुणाचा मान चुकत नाही, असं गाव म्हणायचं. तिला ते ऐकायला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

घरात तिसरं माणूस म्हणजे वैद्याचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांची दृष्टी गेली त्याला बराच काळ लोटला होता. मुलाने अंजनं घातली, लेप लावले, पण डोळ्यांपुढे त्याची विद्या चालली नाही. आबांनी त्याची खंत केली नाही. त्यांची बाज आतल्या खोलीत होती आणि त्यांना दिवसाकाठी एकाच ठिकाणी जायचं असे, ते म्हणजे दारापुढचा ओटा.

ते सकाळी उठत. खोलीच्या चौकटीला हात लावत. मग माजघरात उजवा हात पुढे करून चालू लागत, की हाताला दगडी बैल लागे. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ते वळत. तिथून नाकासमोर गेलं की खांब, खांबापासून उंबरा, आणि उंबऱ्यापलीकडे ऊन. या वाटेवर त्यांनी कधी कुणाचा आधार घेतला नाही.

हा बैल म्हणजे आबांच्या मित्राने दिलेला. मित्र पाथरवट होता, पण मूर्ती करणाऱ्यांतला नव्हे. त्याने जन्मभर जाती आणि पाटे घडवले, बोथट झालेल्या जात्यांना टाकी लावली. मूर्ती म्हणून त्याने आयुष्यात एकच केली, ती आबांचं घर बांधून झालं तेव्हा. तो बैल आहे की रेडा, यावर गावात एकमत नव्हतं. एक शिंग आखूड, मान खांद्यात शिरलेली आणि तोंडावर नुकतंच कुणी ओरडल्यासारखा भाव. वजन मात्र जात्याचं. उचलून आणणारे माजघराच्या वळणावर दमले आणि त्यांनी तो तिथल्या चौथऱ्यावर ठेवला, तेव्हापासून तो तिथेच होता. इतक्या वर्षांत त्याच्या पाठीला हाताने चकाकी आली होती. वैद्याला आणि त्याच्या बायकोला ती रोज दिसत असे, पण ती कशामुळे आली हे दोघांनीही कधी मनात आणलं नव्हतं.

दिवस कलायला लागला, की पाथरवट येई. दारातून बैल दिसला, की आत येऊन तांब्याभर पाणी पिई आणि मग ओट्यावर आबांच्या शेजारी बसे. दोघं फारसं बोलत नसत. बोलायचं ते सगळं तरुणपणी बोलून झालं होतं.

असं चाललं असताना गावच्या नगरशेठला पोटशूळ उठला. वैद्याने तो बरा केला. नगरशेठ मोठा माणूस. सगळे दगड देतात म्हणून त्याने पितळ दिलं. कमरेइतका उंच मोर, पिसारा फुलवलेला, एकेक पीस पात्यासारखं. चौघांनी धरून आणला. तो कोनाड्यात मावेना. उंबऱ्याजवळ ठेवावा, तर येणाऱ्याला अडचण. मग वैद्याच्या बायकोची नजर वळणावर गेली.

“बैलाच्या जागी मोर राहील,” ती म्हणाली. “दारातून बरोबर दिसेल. आणि हा काही रोज उचलून आत-बाहेर करण्यातला नाही. एकदा ठेवला की ठेवला.”

“आणि पाथरवटकाका आले म्हणजे?” वैद्याने विचारलं.

“ते काय, घरचेच आहेत. त्यांना कसला आलाय मान.”

वैद्याला हे पटलं. आपल्यालाही पटलं असतं. बैल गोठ्यात गेला आणि त्याला वासरू बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले. चौकट लागली. उजवा हात पुढे करून ते चालले आणि बैलाच्या पाठीऐवजी हाताला पिसाऱ्याची धार लागली. बोट कापलं. वैद्याने हळद दाबली, सुनेने हळहळून सांगितलं, “मामंजी, तिथे आता नगरशेठांचा मोर आहे. जरा जपून.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा जपून निघाले. मोराला लांबून वळसा घालावा म्हणून ते डावीकडे सरकले आणि खांब हरवला. आपण माजघरात कुठे आहोत हेच त्यांना कळेना. एक हात भिंत शोधायला गेला आणि एक हंस खाली पडून फुटला. सून काही बोलली नाही. ती भली बाई होती. पण तिने तुकडे गोळा केले त्याचा आवाज आबांनी ऐकला. हंस देणारा आता पाणी न पिता परत जाणार, आणि तेही आपल्यामुळे, हे त्यांना समजलं.

त्यानंतर आबा उठेनात. विचारलं, तर म्हणत, “पाय जड झालेत रे.”

वैद्याने पाय पाहिले. निर्गुडीचा पाला शेकून बांधला, तेल चोळलं, काढे दिले. आबांनी सगळं मुकाट्याने घेतलं. काढे कडू होते, पण खोटं बोलणाऱ्याला तेवढी शिक्षा योग्यच, असं त्यांना वाटत असावं.

पाय होते तसेच राहिले, कारण त्यांना काही झालंच नव्हतं. बाकीचं शरीर मात्र उतरू लागलं. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. ऊन मिळेना, म्हणून झोप येईना. वैद्य रोज नाडी बघायचा आणि ती रोज आदल्या दिवसापेक्षा बारीक लागायची. एके दिवशी त्याने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, “आबा आता फार दिवस काढतील असं वाटत नाही.” तिचे डोळे भरून आले. ती आबांसाठी मऊ भात टाकायला गेली. वाटेत पारापाशी कुणीतरी दिसलं, म्हणून तिने आधी घुबड कोनाड्यात ठेवलं.

आणि पाथरवट? तो पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळी आला. दारातून त्याने पाहिलं, तर बैलाच्या जागी मोर. त्याने पाणी घेतलं नाही. रामराम मात्र केला नाही, ओट्यावर जाऊन बसला आणि आबांची वाट पाहिली. आबा आले नाहीत. असं तो काही दिवस आला, बसला, गेला. मग यायचा थांबला.

आतल्या बाजेवर आबा आणि बाहेरच्या ओट्यावर पाथरवट, यांच्यामध्ये एक माजघर होतं. एकाला बैल हाताला लागत नव्हता म्हणून बाहेर येता येत नव्हतं. दुसऱ्याला तो डोळ्यांना दिसत नव्हता म्हणून आत जाता येत नव्हतं. आणि दोघांनाही तोंड असून बोलता येत नव्हतं, कारण मानापुढे माणसाची वाचा बसते.

पुढे गावात डोळ्यांची साथ आली. दुसऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालता घालता वैद्याचेही डोळे आले. लाल झाले, सुजले, उजेड सहन होईना. त्याने गुलाबपाण्यात भिजवलेल्या घड्या डोळ्यांवर ठेवल्या, वरून फडकं बांधलं आणि जी सक्ती तो रोग्यांना करायचा तीच स्वतःवर केली. ‘फडकं सोडायचं नाही,’ अशी.

दुपारची वेळ होती. बायको नदीवर धुणं घेऊन गेली होती. वैद्याला तहान लागली. आपलंच घर, त्यात काय, असं म्हणून तो उठला.

चार पावलं तो ऐटीत चालला. मग त्याच्या गुडघ्याला हरणाचं शिंग लागलं. तो बाजूला सरला, तर खांद्याला कोनाड्याची कड लागली. हात टेकायला गेला, तर हाताखाली काहीतरी डळमळलं. तो झटक्याने मागे झाला आणि पाठीत पिसारा घुसला. मग तो जिथे होता तिथेच खाली बसला. ज्या घरात त्याचा जन्म झाला, त्या घरात त्याला दार कुठल्या बाजूला आहे हे सांगता येईना. त्याला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

“कोण आहे?” आतून आबांनी विचारलं.

“मी आहे, आबा.”

“कुठे आहेस?”

“ठाऊक नाही.”

आबा म्हणाले, “हं. मलाही तसंच झालं होतं.”

वैद्य जमिनीवर बसून होता. पाठ चुरचुरत होती. आबांचं कापलेलं बोट, फुटलेला हंस, जड झालेले पाय, बारीक होत गेलेली नाडी, हे सगळं तो गेले कित्येक दिवस उघड्या डोळ्यांनी पाहत आला होता. आता डोळे बांधल्यावर ते त्याला एका ओळीत दिसलं.

“आबा, तुमच्या पायांना काही झालेलं नाही.”

“नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? नगरशेठांचा मान राहायला हवा. तुझी बायको एवढं सगळ्यांचं सांभाळते, तिच्या कामात मी कशाला मध्ये येऊ? मी काय, घरचाच आहे.”

हे शब्द वैद्याने पूर्वी ऐकले होते, आणि ऐकून मान डोलावली होती. त्याला आपली लाज वाटली. फडक्याखाली डोळे आधीच चुरचुरत होते, ते आणखी चुरचुरले.

“आता उठ,” आबा म्हणाले. “माझ्या आवाजाकडे ये. हात पुढे धर, उंच नको, कमरेइतका. पाय उचलू नकोस, सरकव.”

अशा रीतीने आंधळ्या बापाने डोळे बांधलेल्या मुलाला बाजेपर्यंत आणलं.

बायको धुणं घेऊन परतली, तेव्हा दोघं बाजेवर शेजारी शेजारी बसले होते. वैद्याने तिला सगळं सांगितलं. तिने ओले कपडे खाली ठेवले.

“म्हणजे मी रोज मऊ भात करत होते आणि वाट मीच अडवली होती,” ती म्हणाली.

“आपण दोघांनी,” वैद्य म्हणाला.

“पण मोर हलवला, तर नगरशेठ उंबऱ्यावरून परत जातील हो.”

“जाऊ देत.”

“गावात बोलतील. इतकी वर्षं या घरात कुणाचा मान चुकला नाही.”

“एकाचा चुकला,” वैद्य म्हणाला.

ती गोठ्यात गेली, वासराचं दावं सोडलं आणि शेजारच्या दोघांना हाक मारून बैल विहिरीवर नेला. काथ्याने घासून स्वतः धुतला. मोर माळ्यावर चढवला. मग वळणावर बैल नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न आला. चौथरा रुंद होता आणि आधीची खूण पुसली गेली होती. एरवी ती दारात उभी राहून लांबून बघायची, मान तिरकी करून डावं-उजवं ठरवायची. या वेळी ती आतल्या खोलीच्या चौकटीपाशी गेली, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे करून चालत आली.

“इथे,” तिने सांगितलं. मग आत वळून विचारलं, “मामंजी, बघता का?”

आबा उठले. पाय कित्येक दिवस न वापरल्याने लटपटत होते. चौकट लागली. हात पुढे झाला आणि बैलाच्या पाठीवर पडला.

“तोंड जरा खांबाकडे कर,” ते म्हणाले. “तो नेहमी खांबाकडे बघतो.”

तिने बैलाचं तोंड खांबाकडे केलं. आबा वळले, खांब गाठला, उंबरा ओलांडला आणि ओट्यावर जाऊन बसले. ऊन उतरत आलं होतं, पण होतं.

“तो येत नाही हल्ली,” आबा म्हणाले. “म्हातारपण. त्याचेही पाय जड झाले असतील.”

डोळे बरे झाल्यावर वैद्य पाथरवटाच्या घरी गेला. म्हातारा अंगणात अर्धवट घडवलेल्या जात्यापाशी बसला होता. टाकी बाजूला पडली होती. दगडावर बरीच धूळ होती.

“काका, आलो न्यायला,” वैद्य म्हणाला. “आबा वाट बघतायत.”

“तुझ्या घरी माझं पाणी तुटलंय, बाळ.” पाथरवटाने हे शांतपणे सांगितलं. “मी भांडत नाही. बैल ओबडधोबडच होता. पण तुझ्या आबाला तो नकोसा झाला असेल असं वाटलं नव्हतं.”

“आबांना ठाऊकच नव्हतं काका, की तुम्ही बाहेर बसून जाता. आणि बैल हलवला आम्ही. त्यांना तो दिसत नाही, हाताला लागतो. तो हलला आणि त्यांना दारापर्यंत येता येईना.”

पाथरवटाने आपल्या हातांकडे पाहिलं. एवढा कुरूप बैल घडवल्याबद्दल त्याने आजवर मनात स्वतःला पुष्कळदा हिणवलं होतं.

“आता कुठंय तो?” त्याने विचारलं.

“जागेवर.”

“तोंड खांबाकडे?”

“खांबाकडे.”

“मग चल,” म्हातारा म्हणाला आणि वैद्याच्या खांद्याला धरून उठला.

उंबऱ्यावर येऊन त्याने आत पाहिलं. बैल होता. दर्शनी कोनाड्यात मात्र एकही मूर्ती नव्हती. वैद्याच्या बायकोने तिथे पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र मांडून ठेवलं होतं. “पाणी दे गं,” पाथरवट म्हणाला आणि तांब्याभर पाणी पिऊन ओट्यावर आबांच्या शेजारी जाऊन बसला. दोघं फारसं बोलले नाहीत.

काही दिवसांनी नगरशेठ आला. उंबऱ्यावर उभं राहून त्याने वळणाकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं. बैल दिसला, तांब्या दिसला, मोर दिसला नाही. त्याने रामराम केला आणि तो परत गेला. पुढे त्याचं पोट दुखलं, तेव्हा तो नदीपलीकडच्या वैद्याकडे गेला. तिथेही त्याने एक मोर दिला म्हणतात.

हंसवाला परत गेला. घुबडवालाही गेला, पण उन्हाचे दिवस होते आणि तहान लागली होती, म्हणून अर्ध्या वाटेतून वळून आला आणि पाणी पिऊन गेला. हळूहळू पुष्कळ लोक तसे आले. जे आले नाहीत, ते आले नाहीत. वैद्याच्या बायकोला सुरुवातीला त्यांची फार टोचणी लागे. नंतर तिच्या लक्षात आलं, की आपण पूर्वी पाहुणा आल्यावर आधी कोनाड्याकडे पळायचो. आता त्याच्या तोंडाकडे बघतो.

आबा आणि पाथरवट आणखी पुष्कळ दिवस ओट्यावर बसले. मग आधी एक गेला आणि पाठोपाठ दुसरा. बैल कुणी हलवला नाही. पुढे म्हातारपणी वैद्याच्या बायकोचेच डोळे अधू झाले. एके दिवशी सकाळी ती उठली, चौकटीला हात लावला आणि उजवा हात पुढे करून चालू लागली. बैल जागेवर होता.

घरातली शोभा येणाऱ्याच्या डोळ्यांना नव्हे, राहणाऱ्याच्या हातांना विचारून मांडावी.